सातशे वॅटचं पॅनल आणि काकांची गच्ची

मंडळी, कोणी नवा फोन घेतला की पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "किती मेगापिक्सेल?" आता गच्चीवर सोलर बसवणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, "पॅनल किती वॅटचं?" तुम्ही ५४० म्हणालात की समोरचा जरा दयेनेच बघतो. कारण त्याच्या साडूने सहाशेचं लावलंय, आणि साडूच्या मित्राला कोणीतरी थेट सातशेचं देणार आहे. तेही 'इम्पोर्टेड'. हा शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली येतो. आपल्या आधीच्या पिढीत दुबईहून आणलेल्या टेपरेकॉर्डरबद्दल बोलताना यायचा म्हणे, तसाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. घराच्या गच्चीसाठी मोठं आयात केलेलं पॅनल घेऊ नका. ते वाईट असतं म्हणून नाही. उलट चिनी कंपन्यांची चांगली पॅनल्स जगात अव्वल आहेत, त्यात वाद नाही. पण ते पॅनल तुमच्या गच्चीसाठी बनलेलंच नाही, आणि आपल्या देशातले नियम ते तुमच्या गच्चीवर सुखाने नांदू देत नाहीत. यातलं पहिलं कारण इंजिनिअरिंगचं आहे, दुसरं पैशाचं आणि सरकारचं. दुसऱ्याबद्दल माझ्या मनात थोडी खदखदही आहे, ती पुढे येईलच.

हा विषय डोक्यात घुसला तो आमच्या मोठ्या काकांमुळे. चिंचवडला त्यांचं रो हाऊस आहे. कंपनीतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे बँकेत पडलेत, आणि विजेचं बिल उन्हाळ्यात तीनशे युनिटच्या वर जातं. तीनशेच्या वरचा स्लॅब लागला की युनिटचा दर दोन आकडी होतो, वर सोळा टक्के वीज शुल्क. काका हिशेबी माणूस. त्यांनी सोलरची कोटेशन्स मागवली आणि ती घेऊन मला बोलावलं, कारण घरात इंजिनिअर मीच. (मी जावा लिहितो हे त्यांना कितीही वेळा सांगितलं तरी फरक पडत नाही. इंजिनिअर तो इंजिनिअर.) त्यात आमचा चुलतभाऊ, म्हणजे त्यांचा मुलगा, स्टुटगार्टला असतो. त्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. त्याच्या बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल्स लटकलेली, खाली लिहिलेलं, "बाबा, इथे किराणा मालाच्या दुकानात मिळतात. तुम्हाला एवढा खर्च कसा काय सांगतायत?"

प्रश्न रास्त होता. जर्मनीत मे २०२४ पासूनच्या नियमानुसार दोन हजार वॅटपर्यंतची पॅनल्स आणि आठशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर घरच्या सॉकेटला सरळ जोडता येतो. घरगुती सोलरवर २०२३ पासून व्हॅट शून्य. युरोपने चिनी पॅनल्सवरचे निर्बंध सप्टेंबर २०१८ मध्येच उठवले. त्यामुळे चीनच्या कारखान्यातून निघालेलं पॅनल तिथल्या माणसाला जवळपास कारखान्याच्या भावात पडतं. आपल्याकडे तेच पॅनल बंदरात उतरलं की त्याच्या अंगावर कर चढायला लागतात.

पण कराकडे नंतर येऊ. आधी दादाने टाकलेला फोटो नीट बघा. त्याच्या बाल्कनीतली पॅनल्स किती मोठी होती? ४४० वॅटची. पावणेदोन मीटर लांब, सव्वा मीटरपेक्षाही कमी रुंद, वजन एकवीस-बावीस किलो. म्हणजे ज्या चिनी कंपन्या सातशे वॅटची अजस्र पॅनल्स बनवतात, त्याच कंपन्या युरोपातल्या घरांना ही छोटी पॅनल्स विकतात. 'इम्पोर्टेड म्हणजे मोठं' हे समीकरण आपल्याच बाजारात तयार झालेलं आहे. तिकडे घरावर छोटं आणि माळरानावर मोठं, असा सरळ हिशेब आहे.

हे असं का? त्यासाठी सातशे वॅट येतात कुठून ते बघायला हवं. सातशेच्या पॅनलचं माप साधारण २३८४ बाय १३०३ मिलिमीटर. म्हणजे ३.१ चौरस मीटर. प्रमाणित चाचणीत प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॅटचं ऊन पाडतात. सातशे भागिले ३.१ केलं की येतात २२५ वॅट, म्हणजे साडेबावीस टक्के कार्यक्षमता. आता दादाचं ४४० चं पॅनल घ्या. क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. भागाकार २२०. बावीस टक्के. म्हणजे सातशेचं पॅनल काही ऊन जास्त पीत नाही. ते फक्त आकाराने मोठं आहे! अर्धा डझन केळी आणि एक डझन केळी यांची तुलना करून "दुसरी केळी जास्त पौष्टिक" म्हणण्यासारखं आहे हे. फोनच्या मेगापिक्सेलमध्ये निदान सेन्सरच्या आकाराचा वाद तरी घालता येतो, इथे तेवढाही नाही.

काकांच्या दोन कोटेशन्सवरून हेच दिसलं. एकात ५५० वॅटची सहा भारतीय पॅनल्स, म्हणजे ३.३ किलोवॅट. दुसऱ्यात ७०० ची पाच 'इम्पोर्टेड', म्हणजे साडेतीन किलोवॅट. दोन्हीचं एकूण क्षेत्रफळ काढलं तर साडेपंधरा चौरस मीटर, जवळजवळ तंतोतंत सारखं. तेवढ्याच जागेत नवीन तंत्रज्ञानाच्या पॅनलने दोनशे वॅट जास्त दिले, हे मान्य. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला ढोबळ चार युनिट धरतात. म्हणजे फरक दिवसाला पाऊण-एक युनिटचा. गच्ची लहान असेल तर या फरकाला किंमत आहे. काकांच्या गच्चीवर अजून दहा पॅनल्स मावतील एवढी जागा आहे, तिथे पापड वाळत घालण्यावाचून त्या जागेचा काही उपयोग नाही.

आता मोठ्या आकाराचा फायदा कोणाला? शंभर एकरांवर सोलर पार्क उभारणाऱ्याला. त्याला एक पॅनल उचलायला, दोन नट आवळायला, एक कनेक्टर जोडायला मजुरी मोजावी लागते. पॅनल मोठं असेल तर तेवढ्याच मजुरीत जास्त वॅट बसतात. लाख पॅनल्स लावायची असतील तर हा फरक कोटींत जातो. पाच पॅनल्स लावायची असतील तर चहाच्या पैशात. आणि एक गंमत सांगतो, जी मला वाचून फार आवडली. या पॅनल्सची मापं ठरलीत ती शिपिंग कंटेनरवरून. उंच कंटेनरचं दार साधारण २.५८ मीटर उंचीचं असतं. ११३४ मिलिमीटर रुंदीची पॅनल्स आडवी उभी करून दोन थर एकावर एक रचले की लाकडी पॅलेटसकट बरोबर त्या दारातून जातात. १३०३ वाली तशी मावत नाहीत, म्हणून ती लांबीत उभी करून पाठवतात, आणि म्हणूनच त्यांची लांबी २.३८ मीटरला थांबली आहे. थोडक्यात, हे पॅनल कंटेनरच्या दाराला विचारून बनवलंय. तुमच्या जिन्याला कोणी विचारलेलं नाही.

आणि जिना हा काही विनोदाचा विषय नाही हो. रो हाऊसचा जिना कसा असतो ते आठवा. पावणेतीन-तीन फूट रुंद, मध्ये वळण, वळणावर काकूंची तुळशीची कुंडी आणि जुनी सायकल. त्या वळणावरून पावणेआठ फूट लांब आणि सव्वाचार फूट रुंद काच वळवून दाखवा. नाही वळत. मग दोर लावून बाहेरून वर ओढायची. पस्तीसेक किलोची काच, खाली दोन पोरं, वर दोन पोरं, आणि मध्ये वाऱ्याची झुळूक. मोठी पॅनल्स बहुतेक दोन्ही बाजूंनी काचेची असतात आणि वजन आवाक्यात ठेवायला ती काच दोन-दोन मिलिमीटरची करतात. जुन्या पॅनलला वरून ३.२ मिलिमीटरची एकच, पण पूर्ण टेम्पर केलेली काच असायची. दोन मिलिमीटरची काच तेवढी टेम्पर करता येत नाही. गेल्या काही वर्षांत मोठ्या सोलर पार्कांमधून पातळ काचा आपोआप तडकल्याच्या तक्रारी वाढल्या आहेत, त्यामागे हेही एक कारण असावं असं मानतात. दोराने ओढताना कोपरा कठड्याला लागला आणि त्या वेळी काही दिसलं नाही, तरी ती काच दोन उन्हाळ्यांनी हिशेब चुकता करू शकते.

वाऱ्याचं गणित तर मी काकांसमोर कागदावरच मांडलं. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ नावाचं मानक आहे, त्याच्या तिसऱ्या भागात शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिलाय. पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो. पुण्यासाठी चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, आपल्या भाषेत ९३ किलो. सातशेच्या एका पॅनलवर हे होतात २८८ किलो. कोन, उंची, गच्चीची कड यांचे गुणक वेगळे लागतात, पण अंदाज यावा म्हणून एवढं पुरे. आता पॅनल छोटं असो की मोठं, ते धरून ठेवणारे क्लॅम्प बहुतेक ठिकाणी चारच असतात. म्हणजे मोठ्या पॅनलच्या प्रत्येक क्लॅम्पवर ७२ किलो, दादाच्या छोट्या पॅनलच्या क्लॅम्पवर साधारण ४६. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो तेव्हा पत्रे कसे उडतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पॅनल हा महागडा पत्राच आहे. सोलर पार्कात त्याखालचं स्ट्रक्चर डिझाइन करायला इंजिनिअर नेमलेले असतात. घरी फॅब्रिकेशनवाला असतो, आणि तो म्हणतो, "काही होत नाही साहेब, दोन इंची पाइप टाकतो."

काका सगळं ऐकून म्हणाले, "अरे, पण मग सगळेच का मोठं मोठं करतायत?" मी म्हटलं, "काका, विकायला सोपं पडतं."

विजेच्या बाजूने एकच मुद्दा सांगतो, बाकीचे सोडून देतो. मोठ्या सेलमधून करंट जास्त निघतो. सातशेच्या पॅनलला तो सतरा-अठरा अँपिअर असतो. घरगुती छोट्या इन्व्हर्टरपैकी बऱ्याच मॉडेल्सची इनपुट मर्यादा चौदा किंवा सोळा अँपिअर. मग भर दुपारी, पॅनल जोरात असताना, वरचा करंट इन्व्हर्टर घेतच नाही. मोठा नळ लावायचा आणि खाली छोटा फनेल धरायचा. जास्त मर्यादेचे इन्व्हर्टर मिळतात, पण कोटेशनमध्ये तो आहे का हे विचारावं लागतं. काकांच्या कोटेशनमध्ये नव्हता.

आता पैसे आणि सरकार. इथे मात्र जरा दम धरून वाचा, कारण बाजारात जो गोंधळ आहे तो इथेच आहे.

आपल्याकडे दुकानदार 'इम्पोर्टेड' हा शब्द दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे चीनमधून अख्खं तयार आलेलं पॅनल. दुसरं म्हणजे सेल बाहेरून आणून भारतातल्या कारखान्यात जोडलेलं पॅनल, ज्याला बाजारात 'नॉन-डीसीआर' म्हणतात. आणि तिसरं, ज्याचा सेलही भारतात बनलाय आणि पॅनलही, ते 'डीसीआर'. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिचं अनुदान फक्त या तिसऱ्या प्रकाराला मिळतं. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, एकूण ७८ हजार. त्यापुढे कितीही मोठी सिस्टिम लावा, रक्कम तेवढीच.

अख्ख्या आयात पॅनलला आणखी एक अडथळा आहे. केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाची मान्यताप्राप्त मॉडेल्सची यादी आहे, एएलएमएम म्हणतात तिला. १ एप्रिल २०२४ पासून ती पुन्हा लागू झाली, आणि नेट मीटरिंगच्या प्रकल्पांना ती लागते. डिसेंबर २०२४ च्या आदेशाने सेलसाठीही दुसरी यादी आणली आणि तिला १ जून २०२६ ही तारीख ठेवली. म्हणजे यादीबाहेरचं पॅनल घेतलंत तर अनुदान तर गेलंच, नेट मीटरही गेलं. शिवाय बीआयएसची नोंदणी सक्तीची आहेच, ती २०१७ च्या आदेशापासून.

नेट मीटर गेलं तर काय बिघडलं? इथे लोक फसतात, म्हणून थांबतो. सोलर दुपारी वीज बनवतं. दुपारी काका-काकूंच्या घरात काय चालू असतं? फ्रीज, एक पंखा आणि टीव्हीवरची मालिका. बाकी वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री परत घ्यायची, या देवाणघेवाणीचा हिशेब नेट मीटर ठेवतं. ते नसेल तर दुपारची बरीचशी वीज एक तर वाया किंवा बॅटरीत. बॅटरी घेतली की खर्चाचा आकडा एकदम उडी मारतो. ज्या डीलरने सातशेची पाच पॅनल्स सुचवली होती, त्याला मी विचारलं, "यादीतला मॉडेल नंबर सांगता का?" तो म्हणाला, "ते मी बघतो साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका." बीआयएसचा नंबर? "तेही बघतो." पॅनल्सच्या सीरियल नंबरसकट जीएसटीचं बिल? यावर तो हसला आणि म्हणाला, बिलाशिवाय घेतलंत तर अजून कमी करून देतो. पंचवीस-तीस वर्षांची वॉरंटी असलेली वस्तू बिलाशिवाय! दहाव्या वर्षी पॅनल काळं पडलं तर काकांनी कोणाकडे जायचं, चीनला पत्र लिहायचं?

त्यामुळे आमचा निर्णय सोपा झाला, डीसीआर पॅनल्स. पण या निर्णयाचा हिशेब मांडताना जे दिसलं त्याने माझी चिडचिड झाली, ती लिहितो.

आम्हाला मिळालेल्या भावांत डीसीआर पॅनल वॅटला पंचवीस रुपयांच्या आसपास होतं आणि नॉन-डीसीआर पंधराच्या आसपास. फरक दहा रुपये. ३.३ किलोवॅटला ३३ हजार. म्हणजे सरकार जे ७८ हजार देतं, त्यातले ३३ हजार काकांच्या खात्यात क्षणभर टेकून पॅनल बनवणाऱ्या कारखान्याकडे जातात. काकांच्या पदरात खरे पडतात ४५ हजार. सिस्टिम मोठी होत गेली की हे गणित आणखी गमतीशीर होतं, कारण अनुदान ७८ ला थांबतं आणि दहा रुपयांचा फरक वाढतच राहतो. आठ किलोवॅटला तो ऐंशी हजार होतो. तिथे अनुदान संपलं! ज्यांचा बंगला मोठा, दोन एसी, इलेक्ट्रिक गाडी, त्यांनी अनुदान म्हणून जे घेतलं ते सगळंच्या सगळं जास्तीच्या किमतीत परत दिलं. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरात 'मुफ्त बिजली'.

पॅनल्सवरचा आयात कर एप्रिल २०२२ मध्ये ४० टक्के झाला, सेलवर २५. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये पॅनलवरचा मूळ कर वीस टक्के केला अशी बातमी आली आणि आमच्या ऑफिसात दोघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. पुढची ओळ कोणी वाचली नव्हती. तेवढाच वीस टक्क्यांचा अधिभार वर लावलेला होता. शर्ट बदलला, माणूस तोच. खरा दिलासा मिळाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, जीएसटी बारावरून पाचवर आला तेव्हा.

मग मी आयात कराच्या विरोधात आहे का? नाही. इथे दादाशी माझं फोनवर तासभर वाजलं. तो म्हणत होता, ग्राहकाला स्वस्त मिळतंय तर मिळू दे की, पृथ्वी वाचवायची आहे ना तुम्हाला? मी म्हटलं, दादा, तू जिथे बसलायस तिथलंच बघ. एकेकाळी जगाला सोलर शिकवणारा देश. तिथली सोलरवर्ल्ड २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. मायर बुर्गरने फ्रायबर्गचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद केला आणि पुढच्या वर्षी तीही गेली. आज पॉलिसिलिकॉनपासून पॅनलपर्यंत प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर आहे, हे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनेच २०२२ मध्ये सांगितलंय. आणि हा भावही काही कायमचा नाही. २०२४ मध्ये तिथल्या मोठमोठ्या कंपन्या तोट्यात होत्या, गरजेपेक्षा कितीतरी जास्त कारखाने काढल्यामुळे. तोट्यात विकलेला माल म्हणजे सेल लागलेलं दुकान. त्या भावावर आपल्या देशाची पुढच्या पंचवीस वर्षांची वीज आखायची?

तेव्हा इथे कारखाने हवेत, आणि त्यासाठी काही वर्षं जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. त्याचं फळ दिसतंयही. ऑगस्ट २०२५ मध्ये एएलएमएमच्या यादीतली पॅनल बनवण्याची क्षमता शंभर गिगावॅटवर गेली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेत आपण 'देशी सेल' च्या अटीची केस हरलो होतो, तेव्हा हे कोणाला खरं वाटलं नसतं. पण दोन गोष्टी खटकतात. एक, शंभर गिगावॅट हा आकडा पॅनल जोडण्याचा आहे, सेल बनवण्याची क्षमता त्याच्या कितीतरी मागे आहे. आणि सेल ज्या वेफरपासून बनतो ती वेफर अजूनही बहुतांश चीनमधूनच येते. म्हणजे काकांच्या छपरावरच्या 'शंभर टक्के देशी' पॅनलचा आत्मा चिनीच आहे. दुसरी गोष्ट अशी की हे पैसे देतंय कोण ते स्पष्ट सांगा ना. कारखान्यांना वर आणायचं तर खुशाल आणा, त्यासाठी उत्पादनाशी जोडलेलं अनुदान आहेच. घरमालकाच्या नावाने पैसे काढून वाट वाकडी करून तिथेच पोचवायचे, आणि घरमालकाला वाटत राहणार की सरकारने आपल्याला ७८ हजार दिले. काका म्हणाले, "अरे, टॅक्स मी भरला, अनुदान मला मिळालं, फरक कारखान्याला गेला. मी नुसता पोस्टमन." चाळीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलेला माणूस, त्याला समजावायची गरज नव्हती.

असो. राग बाजूला ठेवून हिशेब केला तरी डीसीआरच परवडतं, हेही लिहायला हवं. काकांचं कोटेशन एक लाख ९५ हजारांचं, अनुदान जाऊन एक लाख १७. वर्षाला साडेतीन हजारांवर युनिट वाचली आणि सरासरी दर साडेनऊ-दहा धरला, तर साडेतीन वर्षांत पैसे वसूल. 'इम्पोर्टेड' वाली सिस्टिम वरकरणी दीड लाखाची, पण अनुदान नाही, नेट मीटर नाही, त्यामुळे वाचणारी युनिट निम्म्याहून कमी. तिची वसुली माझ्या कागदावर आठव्या-नवव्या वर्षाच्या अलीकडे येईना.

घेणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. पॅनल्स टेम्पोतून उतरली की गच्चीवर चढवायच्या आधीच सगळ्यांच्या सीरियल नंबरचे फोटो काढा. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या पोर्टलवर ते नंबर टाकून पॅनल खरंच डीसीआर आहे का ते तपासता येतं. डीसीआरचे पैसे घेऊन दुसरंच पॅनल लावायचा मोह दहा रुपयांच्या फरकामुळे होतो, हे वेगळं सांगायला नको. आणि दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर तांत्रिक तपासणीची वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे "महावितरणमध्ये फाइल सरकवायला इतके लागतील" असं कोणी म्हणालं तर कशासाठी ते लेखी मागा.

काकांची सहा पॅनल्स तीन-तीनच्या दोन रांगांत बसतील, दक्षिणेकडे तोंड करून, टाकीची सावली दुपारी चारनंतरच पडेल अशी. मध्ये अडीच फुटांची वाट सोडायला लावली आहे, धुवायला आणि टाकी साफ करायला. पापडांची जागा शाबूत आहे, ती काकूंची अट होती. दादाने आता नवीन पिल्लू सोडलंय, की सुट्टीत येताना त्याच्यासारखा बाल्कनीचा सेट माझ्या वाकडच्या फ्लॅटसाठी घेऊन येतो. एकवीस किलोची काच चेक-इन बॅगेत! :-) मी त्याला म्हटलं, त्यापेक्षा तू चॉकलेटं आण. फ्लॅटवाल्यांसाठी योजनेत वेगळी सोय आहे, सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटला अठरा हजार, पाचशे किलोवॅटपर्यंत. लिफ्ट, पंप आणि पार्किंगमधले दिवे त्यावर आरामात चालतील. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. सेक्रेटरींनी आत्ताच विचारलंय, "पॅनल किती वॅटचं घ्यायचं म्हणताय?"